बत्तीस जीबीचा सातबारा

"मामा, तुमची ती काळी हार्ड डिस्क बिघडलीय वाटतं. बत्तीस जीबीच दाखवतेय."

भाच्याने हे ज्या सुरात सांगितलं त्यावरूनच कळलं की डिस्क आपली आपण बिघडलेली नाही. दिवाळीला ताई आणि तो आले होते. त्याच्या मित्राच्या लॅपटॉपला विंडोज टाकायचं होतं, म्हणून तो माझ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार करत बसला होता. पेनड्राइव्ह लावलेला, आणि माझी १ टीबीची डिस्कही मागच्या बाजूला लावलेलीच. टूलने दोन नावं दाखवली, याने वरचं निवडलं. या ड्राइव्हवरच्या फाइली पुसल्या जातील, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. "वाचलं मी ते," तो म्हणाला, "पण मला वाटलं पेनड्राइव्हवरच्या."

आता ती डिस्क काय होती ते सांगतो. चिपळूणला माझा फोटो स्टुडिओ आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं त्यात दुकानातलं सगळं गेलं. डेस्कटॉप, त्यातली कॉपी, आल्बमचे नमुने, बुकिंगच्या डायऱ्या. ही डिस्क वाचली ती केवळ आदल्या दिवशी एक आल्बम लावायला मी ती घरी नेली होती म्हणून, आणि घर वरच्या अंगाला आहे म्हणून. दुकानातला गाळ काढून होतो न होतो तोच लोक यायला लागले. "आमच्या लग्नाचे फोटो असतील का हो तुमच्याकडे? आल्बम गेला." काही जण तो आल्बमच घेऊन यायचे, चिखलाने चिकटून वीट झालेला. पानं उलगडायला गेलं की नवरा एका पानाला आणि नवरी दुसऱ्या पानाला. त्यातल्या बऱ्याच घरांना मी या डिस्कवरून पुन्हा फोटो काढून दिले.

एवढ्या मोलाच्या डिस्कची दुसरी कॉपी? केली नव्हती. तीन वर्षं 'या सीझननंतर करू' चाललं होतं. त्यामुळे भाच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. बायको म्हणाली, "अहो, आधी ती काढून ठेवा बाजूला, मग काय ते बोला." त्या संध्याकाळी घरात बोललं गेलेलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच होतं.

रात्री सगळे झोपल्यावर डिस्क पुन्हा लावली, फक्त बघायला. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. 'धिस पीसी'मध्ये जो आकडा दिसतो तो पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या आखून दिलेल्या एका भागाचा असतो. अख्खी डिस्क केवढी आहे ते इथे दिसतं. डाव्या कप्प्यात लिहिलं होतं ९३१.५१ जीबी. त्याच्या शेजारी निळी पट्टी ३२ जीबीची, नाव ईएसडी-यूएसबी, आणि तिच्या पुढे लांबलचक काळी पट्टी: ८९९.५१ जीबी, अनअलोकेटेड, म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेली.

म्हणजे जमीन होती तेवढीच होती, उताऱ्यावर फक्त चुकीचं क्षेत्र लागलं होतं. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटी नोंद असते, कुठून कुठपर्यंत कोणाचं. पेनड्राइव्ह बनवणाऱ्या टूलने जुनी नोंद खोडून स्वतःपुरती नवी लावली. ते फॅट३२ या फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करतं, आणि विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट फॅट३२ साठी ३२ जीबीपर्यंतच पार्टिशन करून देत आलाय, म्हणून नेमका हाच आकडा. तुमच्याही डिस्कवर अचानक ३२ दिसायला लागले तर घरात कोणी विंडोजचा पेनड्राइव्ह केला होता का, ते आधी विचारा.

९३१ वर अडखळला असाल तर तेही सांगून टाकतो, कारण दुकानात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी यावर भांडतं. खोक्यावर १ टीबी, आत ९३१ जीबी, उरलेले ६९ कोणी खाल्ले? कोणी नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते आणि तेवढे देते. माझ्या डिस्कचे मोजून १०,००,२०,४८,८६,०१६ आहेत. विंडोज मात्र १ जीबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बाइट असं धरून भागतं. कापड दुकानात हजार वार कापड घेतलंत, घरी मीटरने मोजलंत, ते ९१४ भरलं आणि वहीत लिहिताना ९१४ 'वार' लिहिलंत, तसा हा प्रकार. या मोठ्या मापाला १९९८ साली गिबिबाइट असं वेगळं नावही दिलं गेलं, पण बाजारात ते कोणी तोंडाने उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. मॅकने २००९ पासून कंपनीचंच माप धरलंय, त्यामुळे तीच डिस्क तिथे पूर्ण १ टीबी दिसते आणि मॅकवाले गिऱ्हाईक भांडत नाही. विंडोजवर २ टीबीचे १.८१ दिसतात. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, चहा पिऊन घरी जायचं.

दुसरा एक आकडा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, ७४६. मित्राची ३ टीबीची डिस्क माझ्या जुन्या डॉकमध्ये, म्हणजे डिस्क खोचून कॉम्प्युटरला जोडायच्या खोबणीत, लावली तर ७४६ जीबी दाखवायची. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसंच ते. त्या डॉकला सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे समान कप्पे, मोजायला ३२ बिटच होते. ५१२ बाइटच्या सेक्टरने ते २०४८ जीबीला भरतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ३ टीबी म्हणजे विंडोजच्या मापाने २७९४ जीबी, त्यातून २०४८ वजा केले की ७४६. अशा वेळी डिस्कला हातही लावायचा नाही. डॉक बदलला, आकडा सरळ झाला. त्याने डॉक न बदलता फॉरमॅट मारला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

तर, माझं काम दोन भागांचं होतं: आकडा दुरुस्त करणं आणि फोटो वाचवणं. पहिलं पाच मिनिटांचं आहे, नेटवर 'हार्ड डिस्क कपॅसिटी फिक्स' म्हणून जे सापडतं ते बहुतेक तेच. पण ते आधी केलं की दुसरं अवघड होऊन बसतं. पुण्याच्या एका लॅबने फोनवर जो खर्च सांगितला तो ऐकून मी 'बघतो, कळवतो' म्हटलं. डिस्क खडखडत असती, गरम होत असती, तर कर्ज काढून पाठवली असती. ही धडधाकट होती.

नवी २ टीबीची डिस्क आणली, विंडोजऐवजी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला आणि डीडीरेस्क्यू या नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची सेक्टरन्‌सेक्टर नक्कल एका फाइलमध्ये उतरवायला लावली. सुरुवातीला वेळ नऊ तासांच्या वर दाखवत होता. मग लक्षात आलं, डिस्क पुढच्या जुन्या पोर्टात खोचली होती. मागच्या निळ्या पोर्टात लावली तर साडेतीन तास. नक्कल झाली तशी मूळ डिस्क कपाटात, साड्यांच्या खाली. पुढचं सगळं त्या नकलेवर.

पहिल्यांदा टेस्टडिस्क. हा प्रोग्रॅम फुकट आहे, दिसायला अगदीच ओबडधोबड, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पण जुन्या हद्दी शोधण्यात त्याचा हात धरणारा मला तरी दुसरा भेटलेला नाही. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या नेहमीच्या मांडणीत, सुरुवातीच्या सेक्टरची एक प्रत पार्टिशनच्या पार शेवटच्या टोकाला ठेवलेली असते, शेताच्या पलीकडच्या कोपऱ्यात पुरलेल्या हद्दीच्या दगडासारखी. टेस्टडिस्कला तो दगड सापडला. जुनं पार्टिशन, पूर्ण लांबीचं, पडद्यावर! मी खुर्चीतून उठलोच. फाइलींची यादी बघायला 'पी' दाबलं, तर उत्तर आलं: कान्ट ओपन फाइलसिस्टीम, फाइलसिस्टीम सीम्स डॅमेज्ड.

का, ते समजायला एक पूर्ण दिवस गेला. कुठली फाइल कुठे आहे, तिचं नाव काय, फोल्डर कुठलं, हे सगळं एनटीएफएस एका मास्टर फाइल टेबलमध्ये लिहून ठेवतं, आणि विंडोजमध्ये फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ते टेबल साधारणपणे सुरुवातीपासून ३ जीबीवर असतं. भाच्याने टाकलेल्या विंडोजच्या फाइली होत्या चार-पाच जीबीच्या. त्यांनी नेमकं तिथेच बिऱ्हाड मांडलं. नुसती वरची नोंद खोडली गेली असती तर टेस्टडिस्कने दहा मिनिटांत सगळं जागच्या जागी आणून दिलं असतं. टूल चालू झाल्या झाल्या केबल उपटली असती तरी कदाचित. पण पोराने शंभर टक्के होईपर्यंत इमानाने वाट पाहिली होती.

राहिला फोटोरेक, टेस्टडिस्कचाच भाऊ. हा टेबलकडे बघतच नाही. डिस्क पहिल्यापासून वाचत जातो आणि जिथे जेपीईजी फाइलीची सुरुवात ओळखू येते तिथून ती उचलतो. निकॉनच्या रॉ फाइली त्याच्या यादीत टीआयएफच्या नावाखाली मोडतात, हे कळेपर्यंत मी अर्धा तास 'एनईएफ' हे त्यांचं नेहमीचं नाव शोधत होतो. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. ४१,३१२ फाइली, पाचशे-पाचशेच्या ८३ फोल्डरांत. त्यात फोटोबरोबर फोटोंचे टिचभर थंबनेलही आले, ते आकारावरून वेगळे काढले.

फोटो होते, पण नावं एकाचीही नाहीत. नाव म्हणून एफ आणि त्यापुढे सात ते दहा आकडे. ते आकडेही उगाच नसतात, फाइल डिस्कवर ज्या सेक्टरला सापडली त्याचा तो क्रमांक. मी दर लग्नानंतर कार्ड एकदमच उतरवून घ्यायचो, त्यामुळे नावाच्या क्रमाने लावलं की हळदीमागे सीमांतपूजन, त्यामागे मंगलाष्टका, त्यामागे सप्तपदी, असे विधी बऱ्यापैकी ओळीत आले. मग एक्झिफटूलने फोटोच्या पोटातली तारीख वाचून तारखेप्रमाणे फोल्डर केले. तारखा मिळाल्या, पण त्या तारखेला लग्न कोणाचं ते सांगणाऱ्या डायऱ्या तर पुरात गेलेल्या. तिथे बायको कामी आली. ती नवरा-नवरीकडे बघतच नव्हती. मागचा पडदा, पंगतीतले पेले, करवलीचे दागिने यांवरून ती कार्यालय आणि घराणं सांगायची. "हे खेर्डीचे. यांनी आपले पैसे दिवाळीपर्यंत दिले नव्हते." एकूण अकरा दिवस लागले.

व्हिडिओ मात्र बहुतेक गेले. मोठी फाइल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पडलेली असली तर फोटोरेकला पुढचा तुकडा कुठला ते कळत नाही. एका संगीताच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ उघडतो, चार सेकंद काकू नाचतात आणि पडदा हिरवा होतो.

एवढं सगळं दोन ठिकाणी उतरवून झाल्यावर मग आकड्याची दुरुस्ती. कपाटातली डिस्क काढली, बाकीच्या सगळ्या डिस्का आणि पेनड्राइव्ह उपटून ठेवले. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला, डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क. आलेल्या यादीत क्रमांक बघायचा तो आकारावरून, अंदाजाने नाही. बायकोला शेजारी उभं करून मोठ्याने वाचायला लावलं: "डिस्क एक, नऊशे एकतीस जीबी." पुन्हा वाच. "एक, नऊशे एकतीस. आता पुरे." सिलेक्ट डिस्क १, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, क्रिएट पार्टिशन प्रायमरी, फॉरमॅट एफएस इक्वल्स एनटीएफएस क्विक, असाइन. एवढंच. धिस पीसीमध्ये ९३१ दिसायला लागले.

हे आजूबाजूला कळल्यावर शेजारचा झेरॉक्सवाला स्वतःची डिस्क घेऊन आला. ऑनलाइन अकराशे रुपयांत २ टीबीची एसएसडी, फाइली टाकल्या की उघडत नाहीत. हातात घेतली तर काडेपेटीसारखी हलकी. उघडली तर आत नखाएवढं मेमरी कार्ड, डिंकाने चिकटवलेलं. एचटूटेस्टडब्ल्यू हा तपासणीचा प्रोग्रॅम लावला: डेटा लिहून परत वाचून बघतो, म्हणून त्याच्यापुढे थाप टिकत नाही. खरी जागा ६० जीबीच्या आतबाहेर. हा माझ्या उलटा मामला, उताऱ्यावर वीस एकर आणि जागेवर अंगण. त्याला सांगितलं, कितीही फॉरमॅट मार, हिची जागा वाढायची नाही. पैसे परत मिळतात का बघ.

भाचा परीक्षा झाल्यावर मे महिन्यात पुन्हा आला होता. काळ्या डिस्कवर आता बायकोच्या अक्षरात चिकटपट्टी आहे, 'हा पेनड्राइव्ह नाही'. त्याने ती वाचली, काही बोलला नाही, आणि मुकाट्याने दुसऱ्या कॉपीच्या डिस्कवरही तशीच एक लावून दिली.

एक फोल्डर तेवढा अजून बेवारस आहे. तारीख १ जानेवारी २०१२, फोटो २८७. ती तारीख खोटी आहे. कॅमेऱ्याची बॅटरी संपून घड्याळ मागे गेलेलं असणार आणि मी लावायचं विसरलो असणार. नवरीचा शालू मोरपंखी, पंगतीत पत्रावळ्या, बाहेर मांडवावर पाऊस पडत असल्यासारखं दिसतंय, आणि एका फोटोत फेटा बांधलेला सात-आठ वर्षांचा मुलगा खुर्चीखाली झोपलाय. बायकोलाही ओळखता आलेलं नाही. कोणाला आपलं वाटलं तर दुकानात या.