‘औषध काही घेता?’ ‘नाही.’

मणक्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी ऑक्सिकोडोन, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, बंद केलं. कंबर दुखायची थांबली नव्हती. इथे न्यू जर्सीत पेट्रोल पंपावरच्या दुकानात हिरव्या पावडरीची पाकिटं टांगलेली असतात: क्रॅटम. थायलंडकडचे मजूर पानं चघळतात, त्याच झाडाची पावडर. झाड आपल्या कदंबाच्या, कॉफीच्या कुळातलं. म्हटलं, गुळवेलीसारखंच काहीतरी असणार. इंडियाना राज्यात यावर बंदी आहे, हे नंतर कळलं.

कोमट पाण्यात एक चमचा, चव कडूजहर, पण तासाभरात कंबर गप्प. दोन महिन्यांत एका चमच्याचे दिवसाला पाच झाले.

मग खाज सुरू झाली. आधी तळहात-तळपाय, मग सगळं अंग. पुरळ एकही नाही, तरी रात्री तीनला कंगव्याने तळवे खाजवत बसायचो. लघवी कोऱ्या चहासारखी. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, “डोळे पिवळे दिसतायत रे. की तिकडचा दिवाच तसा आहे?”

इमर्जन्सीत बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) निघालं 14; असावं 1.2 च्या आत. औषध काही घेता? नाही. दारू? नाही. मी खोटं बोलत नव्हतो हो, पाल्याची पावडर म्हणजे औषध हे डोक्यातच नव्हतं. (मग डबा मेतकुटाच्या बरणीमागे का होता, असं बायकोने नंतर विचारलं.) लघवीची ड्रग टेस्टही स्वच्छ आली, नेहमीच्या टेस्टमध्ये क्रॅटम सापडतच नाही. हिपॅटायटिस नाही, पित्तनलिकेत खडा नाही. तिसऱ्या दिवशी लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंनी प्रश्नच बदलला: “चहा, काढा, पावडर, असं काही?” तेव्हा कुठे तोंड उघडलं.

यावर उतारा नाही. बंद करायचं आणि वाट बघायची. पण क्रॅटममधलं मायट्रागायनिन मेंदूत ऑक्सिकोडोनच्याच जागी जाऊन बसतं. ते बंद केल्यावर दुसऱ्या रात्री नाक वाहायला लागलं, जांभयांवर जांभया, जुलाब, आणि पाय पलंगावर आपोआप सायकल चालवायला लागले. जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे सवय सुटतानाचा हा त्रास शमवणारी गोळी, ठेवल्यावर पहाटे डोळा लागला. खाजेसाठी दिलं कोलेस्टायरामीन. तीही पावडरच, पाण्यात ढवळून प्यायची. पहिला ग्लास हातात घेतला तेव्हा बायको समोरून हलली नाही.

कावीळ पूर्ण उतरायला अकरा आठवडे लागले. कंबर अजून दुखते. फिजिओने दिलेले व्यायाम रोज वीस मिनिटं करतो, कंटाळत.