ताडोकु अपडेट: फुरिगानाचं व्यसन सुटायला लागलंय

मंडळी, ताडोकु म्हणजे शब्दकोश न उघडता सोप्या जपानी गोष्टी भरपूर वाचत सुटायचं. त्यात लेव्हल २ वर अडकलेली माझी गाडी एकदाची हलली!

रडगाणं तुम्हाला माहीत आहेच. गोष्ट सुसाट वाचून होते, कथानक कळतं, पण तीच कांजी (जपानीतलं चिनी लिपीतून आलेलं अक्षर) पाटीवर एकटी दिसली की ओळख नाही. कारण फुरिगाना, म्हणजे कांजीचा उच्चार हिरागाना या साध्या जपानी अक्षरांत छापलेला. डोळा कांजीवर टेकतच नाही, तिच्या डोक्यावरच्या बारीक अक्षरांवरून पुढे सटकतो. आपल्या लोकांना हा सापळा जास्तच घट्ट बसतो, असं माझं मत झालंय. गोजुओनचा, म्हणजे जपानी अक्षरमालेचा, क्रम संस्कृत वर्णमालेच्या वळणावरच बेतलेला: अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न. अक्षर दिसलं की उच्चार, ही सवय आपल्याला पहिलीपासूनची. म्हणून हिरागाना पटकन येतो, आणि कांजी टाळायची खोडही तितक्याच पटकन लागते.

अंकी ॲपवर कार्डं घोकणारे म्हणतील, कार्डं कर. करतो की! कार्डावर ओळखलेली कांजी गोष्टीत भेटली की पुन्हा अनोळखीच.

आधी कार्डाच्या पट्टीने फुरिगाना झाकून पाहिला. आडव्या छपाईत पट्टीची कड कांजी आणि फुरिगाना यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत धरावी लागते. टेबलावर जमतं, पण सातपूरच्या सिटीलिंक बसमध्ये पहिल्याच गतिरोधकाला पट्टी घसरते. शिवाय खालच्या ओळीचा फुरिगाना उघडाच, डोळा तिकडे पळतो.

मग ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल. कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरच्या एडिटरमध्ये स्टाइलशीट उघडली आणि फुरिगाना ज्यात असतो त्या रुबीमधल्या आरटी टॅगला ‘व्हिजिबिलिटी हिडन’ दिलं. अक्षरं गेली, जागा मात्र राहिली. एका कांजीचा उच्चार तीन-चार अक्षरांचा असेल तर तिच्या आजूबाजूला फट दिसते, आणि मेंदू लबाड, त्या फटीवरून अंदाज बांधायला लागतो! ‘डिस्प्ले नन’ केल्यावर ओळ नीट जुळून आली. कॅलिबरसारखं हत्यार फुकट मिळतं याचं मला अजून नवल वाटतं. पीडीएफवाल्या गोष्टींना हा इलाज लागू नाही, त्या तूर्त बाजूला.

पण फुरिगाना गेला आणि वाचनही रखडलं. दर ओळीला शब्दकोश. शब्दकोशाविना वाचायचं हा ताडोकुचा नियमच धाब्यावर.

तोड निघाली ती ऑडिओत. गोष्टींच्या सेटबरोबरचं ऑडिओ मी आजवर वाचून झाल्यावर शॅडोइंगसाठी (ऐकता ऐकता मागोमाग बोलायला) वापरायचो. आता क्रम उलटा: सकाळी बसमध्ये गोष्ट नुसती ऐकायची, संध्याकाळी सावाना वाचनालयात बसून तीच बिनफुरिगानाची वाचायची. उच्चार आधीच कानात असतो, त्यामुळे डोळ्याला कांजीच बघावी लागते. परवा एक अख्खी गोष्ट शब्दकोश न उघडता संपली. रुग्णालय, स्टेशन, कंपनी, सगळ्या कांजी आकारावरून ओळखल्या. घरी जाताना बसमध्ये तीच गोष्ट पुन्हा वाचली, निव्वळ चैन म्हणून.

डिसेंबरच्या जपानी परीक्षेच्या एन-फोर पातळीला पुण्याला जायचंय. त्यात कांजीचा उच्चार विचारणारे प्रश्न असतातच, तिथे हीच तयारी कामी येईल. लेव्हल ३ चा छापील सेट आज मागवणार होतो. बाहेरून येणाऱ्या पुस्तकांचा पोस्टेजसकट हिशेब बघितला की तसाही हात आखडतो. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं: पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक शब्दाचा फुरिगाना फक्त पहिल्या वेळी ठेवला आणि पुढचे सगळे उडवले तर? म्हणजे ज्या गोष्टींना ऑडिओ नाही त्याही वाचता येतील. सेट थांबवलाय. रुबी टॅग शब्दवार लावलेत की एकेका कांजीला, हे प्रत्येक ईपबमध्ये वेगळं असतं, तिथे स्क्रिप्ट गंडणार. कोणी पायथनच्या ब्यूटिफुल सूप लायब्ररीने हे केलं असेल तर कोड टाका.