आधी मोजा, मग शॉकअपला नावं ठेवा

पावसाळा सरला की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं: "गाडीचे शॉकअप गेले." मग कुणी मेकॅनिककडे जाऊन नवी जोडी टाकून येतं, कुणी जाडजूड सीट कव्हर चढवतं, कुणी गाडीच विकायला काढतं. मला मनापासून वाटतं की यातल्या बऱ्याच गाड्यांचे शॉकअप गेलेले नसतात. टायरमध्ये हवा चुकीची असते, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, खिळखिळा झालेला असतो, चेन एकीकडे ताठ आणि एकीकडे ढिली असते, आणि स्प्रिंग दुसऱ्याच कुणाच्या वजनाला लावलेली असते. हे सगळं घरच्या घरी, एक टेप आणि दोन-चार पाने घेऊन तपासता येतं.

माझी गाडी म्हणजे रॉयल एनफिल्डची हिमालयन मोटरसायकल, जुनी 411 सीसीची. पुढच्या शॉकअपचा प्रवास, म्हणजे वर-खाली सरकायची जागा, 200 मिलिमीटर, मागच्या चाकाचा 180. आता माझं वजन 54 किलो. जॅकेट, हेल्मेट, बूट धरून 60 होतात. याच गाडीवर नव्वद किलोचा माणूस मागे बायकोला बसवून, दोन्ही बाजूंना बॅगा लावून लेहला जातो. एकच स्प्रिंग, एकच तेल, आणि आम्ही दोघं. मग गाडी त्याला मऊ आणि मला दगडासारखी लागली, तर दोष कुणाचाच नाही. ती ज्याच्या त्याने आपल्याला लावून घ्यायची असते, इतकंच.

पण थेट स्प्रिंगला हात घालायचा नाही. आधी दुरुस्ती, मग सेटिंग, हा क्रम मी बाबांकडून शिकले. बाबांचं आयुष्य भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये गेलं. त्यांना गाडी चालवायची फारशी हौस नाही, पण माप चुकलेलं त्यांना सहन होत नाही. बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असताना घेतलेलं माप म्हणजे अंदाज, असं ते म्हणतात आणि ते खरंच आहे. कोनसेट ढिला असेल तर खड्ड्यात पुढून जो 'टक' आवाज येतो, तो लोक शॉकअपच्या नावावर खपवतात.

म्हणून सुरुवात हवेपासून. सकाळी, गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा वर जातो, शिवाय तिथलं मीटर किती खरं हे कुणी पाहिलंय? पेनासारखा छोटा गेज मिळतो, तो घरात ठेवा. किती हवा भरायची ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा स्टिकरवर लिहिलेलं असतं. एकट्याचा आकडा वेगळा, डबलसीटचा वेगळा. टायर हासुद्धा एक स्प्रिंगच आहे. त्यात चार-पाच पीएसआय जास्त भरले तर वारज्याच्या सर्व्हिस रोडवरचं प्रत्येक चेंबर मणक्यात मोजता येतं.

मग चेन. सीलबंद ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल लावू नका, रबर फुगतं आणि आतलं ग्रीस धुऊन जातं. मी रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर बाटलीतला चेन क्लीनर वापरते, मऊ ब्रशने घासते, फडक्याने कोरडी करते आणि 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडते. ताण बघताना चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघायचा आणि जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथला धरायचा. ताठ चेन मागचं सस्पेन्शन अडवून धरते. चाक वर जाताना चेनला लांबी लागते, ती मिळाली नाही की मागचं चाक धरणारा स्विंगआर्म अर्ध्या वाटेत अडखळतो. हे कळल्यापासून मी चेन किंचित ढिलीच पसंत करते, अर्थात मॅन्युअलच्या मर्यादेत.

कोनसेट तपासायला पुढचं चाक हवेत हवं. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखालच्या प्लेटला लाकडी फळी आणि फळीखाली कारमधला जुना कात्रीचा जॅक. भाचा मागून कॅरिअर धरून उभा. त्याच्याशिवाय हे काम मी करत नाही, गाडी 200 किलोच्या घरात आहे. मग खाली बसून दोन्ही शॉकअपचे तळ धरायचे आणि पुढे-मागे ढकलायचे. हाताला 'टक' लागला तर नट आवळायची वेळ झाली. नंतर हँडल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. मधोमध हलकीशी खाच जाणवली, हँडल तिथे स्वतःहून थांबायला बघत असेल, तर बेअरिंगच्या गोळ्यांनी कपात खड्डे पाडलेत आणि आवळून उपयोग नाही. नवा सेट आणायचा. नाना पेठेत हे सगळं मिळतं. जाताना जुना नमुना पिशवीत घेऊन जा, गाडीचं नाव सांगून काम भागत नाही.

मागच्या शॉकअपच्या खालच्या लिंकेजचे, म्हणजे त्याला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या सांध्यांचे, बुशही याच वेळी बघायचे. पावसाळाभर मागच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तिथे बसतो, त्यात वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचं पाणी मारतो आणि ग्रीस निघून जातं. बोल्ट काढले की गंजाची तांबडी पावडर बोटाला लागते. पुसून, नवं ग्रीस भरून, बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळायचे. माझं हे काम खंडेनवमीच्या आधी उरकलेलं असतं. त्या दिवशी पाने, सॉकेट, टॉर्क रेंच सगळं पुसून पाटावर मांडते आणि हळदकुंकू वाहते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार. ज्या हत्यारांच्या भरवशावर मी घाट उतरते, त्यांना वर्षातून एकदा हात जोडताना मला फार बरं वाटतं.

एवढं झालं की मोजायला बसायचं.

मागच्या चाकाच्या ॲक्सलचा मध्य हा एक बिंदू. त्याच्या सरळ वर, कॅरिअरच्या पाइपवर, मी चिकटपट्टीवर पेनाने रेघ मारली आहे, तो दुसरा बिंदू. या दोन बिंदूंमधलं अंतर तीनदा घ्यायचं. पहिलं, मेन स्टँडवर, चाक हवेत लोंबकळत असताना. दुसरं, गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी, वर कुणी नाही. तिसरं, मी पूर्ण सामानासह, दोन्ही पाय फूटपेगवर ठेवून, नेहमीसारखी बसलेली असताना. तिसऱ्या मापाला पुढून हँडल धरायला भाचा लागतो आणि मोजायला बाबा. मदत करायला म्हणून मी मागे वाकून टेपचं टोक धरायला गेले तर बाबा म्हणाले, "अगं, टेप तिरकी धरलीस. आणि तू वाकलीस की वजन मागे आलं. सरळ बस, समोर बघ, मोजायचं ते मी मोजतो."

यात एक बारकावा आहे. सील आणि बुशच्या घर्षणामुळे गाडी प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या उंचीला थांबते. म्हणून गाडी खाली दाबून हळू सोडायची आणि मोजायचं, मग वर उचलून हळू सोडायची आणि पुन्हा मोजायचं. दोन्हींची सरासरी खरी. या दोन आकड्यांत फार मोठा फरक पडला तर कुठेतरी बुश अडकतोय, परत लिंकेजकडे जा.

माझे आकडे असे आले. चाक हवेत 618 मिलिमीटर, गाडी स्वतःच्या वजनावर 601, मी बसल्यावर 582. म्हणजे गाडी स्वतःच्या भाराने 17 बसते आणि माझ्यासकट 36. एकूण 180 पैकी 36 म्हणजे 20 टक्के. अशा गाडीला चालक बसल्यावर साधारण 30 टक्के बसणं अपेक्षित असतं, म्हणजे 54 च्या आसपास. इथेच माझ्या कंबरेच्या तक्रारीचा उलगडा झाला. रस्त्यात खड्डा आला की चाकाने खाली जाऊन खड्ड्याचा तळ गाठायला हवा. माझ्या गाडीत खाली जायला 36 मिलिमीटरच शिल्लक होते. ते संपले की चाकासोबत मागची अख्खी गाडी खाली पडते आणि खड्ड्याची पुढची कड सीटला लाथ मारते.

प्रीलोडबद्दल, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची याबद्दल, इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण याचा घोळ मोठमोठ्या रायडर मंडळींच्या बोलण्यातही ऐकते. मागच्या शॉकअपवर स्प्रिंगच्या टोकाशी फिरवायची रिंग असते, ती कॉलर. ती आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो, आणि कॉलर फिरवून यातलं काहीच बदलत नाही. बदलतं ते एवढंच की गाडी आपल्या प्रवासात कुठे उभी राहते: वरच्या टोकाजवळ की थोडी खाली. हलक्या माणसाला आवळलेली गाडी कडक वाटते, कारण ती वरच्या टोकाला चिकटून असते. भारी माणसाला सैल गाडी मऊ वाटते, कारण ती आधीच तळाजवळ पोचलेली असते. कॉलर ही उंची ठरवण्याची सोय आहे.

कॉलर फिरवायचा सी-स्पॅनर मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतला, गाडीच्या किटमधल्यापेक्षा लांब दांड्याचा. कॉलर फिरवण्याआधी त्यावरची माती ब्रशने झाडा, नाहीतर ती माती घासत घासत कॉलर बाद होते. सैल करून पुन्हा मोजलं: गाडी एकटी 589, माझ्यासकट 570. म्हणजे 29 आणि 48. माझ्यासकट 27 टक्क्यांच्या जवळ. आणखी सैल केली नाही, कारण दुसरा आकडा काहीतरी सांगत होता. गाडी एकटीच 29 बसते आणि मी बसल्यावर जेमतेम 19 ची भर पडते, याचा अर्थ स्प्रिंग माझ्यासाठी मुळात जरा कडकच आहे. उलट परिस्थितीत, म्हणजे भारी माणसाने आवळत आवळत बैठक बरोबर आणली पण गाडी एकटी असताना अजिबात बसतच नाही, तर त्याला जास्त कडक स्प्रिंग हवी. नवी स्प्रिंग घ्यायची की नाही हे हा एक आकडा सांगतो, म्हणून गाडीचं एकटीचं माप कधी टाळू नका.

पुढच्या बाजूला माझ्या गाडीत फिरवायला काहीच नाही. तिथे हातात असतं ते तेल. शॉकअपचं तेल लोक सील फुटेपर्यंत बदलत नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण गाडीचं वळणातलं वागणं त्या तेलावर ठरतं. स्प्रिंग धक्का घेते, पण परत उसळताना तिला आवरतं ते बारीक भोकांतून जाणारं तेल. तेल जुनं झालं की पातळ पडतं, बुशची झीज त्यात उतरते, आणि ब्रेक सोडल्यावर गाडीचं नाक नको तितक्या झटक्यात वर येतं.

चाक, कॅलिपर आणि मडगार्ड काढून, कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) दोरीने बांधून ठेवायचा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही. शॉकअप खाली काढायच्या आधीच वरचा क्लॅम्प सैल करून, खालचा घट्ट ठेवून, टोपीचे आटे मोडून घ्यायचे. बाहेर काढल्यावर ती टोपी हातात पेलत नाही. शेवटच्या आट्याला तोंड बाजूला आणि तळहाताचा भार टोपीवर, कारण खाली दाबलेली स्प्रिंग असते. स्प्रिंग निघाली की शॉकअप बादलीत उलटा. पहिल्यांदा जे बाहेर येतं ते राखाडी, धातूची चमक असलेलं आणि सडक्या मासळीच्या वासाचं. नळी हळूहळू वर-खाली करत शेवटचा थेंब काढायचा. हे तेल गटारात ओतू नका, आपल्याकडची गटारं शेवटी मुठेलाच मिळतात. डब्यात भरून गॅरेजला द्या, ते इंजिन ऑइलबरोबर जुनं तेल घेणाऱ्याकडे जातं.

नवं तेल भरताना किती मिली यापेक्षा पातळी महत्त्वाची, कारण तेलावर कोंडलेली हवाही स्प्रिंगचं काम करते. स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण खाली दाबलेली, शॉकअप उभा. आधी थोडं जास्त ओतायचं, नळी हळू वर-खाली करत बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची, आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा. मग औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज, तिला फिशटँकची पारदर्शक नळी, आणि नळीवर मॅन्युअलमधल्या मापाला मार्करची खूण. खूण शॉकअपच्या काठाला लावून सिरिंजचा दांडा ओढायचा. सिरिंजमध्ये तेल येणं थांबून हवा यायला लागली की पातळी बरोबर. शॉकअपच्या दोन्ही पायांत, म्हणजे डाव्या-उजव्या नळ्यांत, तीच खूण, तीच सिरिंज. बाबा इथेही पट्टी घेऊन पुन्हा मोजतात आणि मी त्यांना मोजू देते.

जोडताना ॲक्सलचे क्लॅम्प सैल ठेवून, गाडी जमिनीवर घेऊन, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप काही वेळा दाबायचे आणि मगच क्लॅम्प आवळायचे. दोन्ही पाय एकमेकांशी समांतर बसतात. ही पायरी घाईत वगळली जाते आणि मग नवं तेल घालूनही शॉकअप अडखळत चालतो. रस्त्यावर जाण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत दाबून बघायचा, पॅड मागे गेलेले असतात.

परीक्षेसाठी माझा रस्ता ठरलेला आहे: खडकवासल्याच्या धरणापासून डोणज्यापर्यंत, भल्या सकाळी. गतिरोधक आहेत, तुटलेल्या कडा आहेत, वळणं आहेत. रस्ता तोच, वेग तोच, एका वेळी एकच बदल. कॉलर सैल केल्यावर फरक लगेच जाणवला: खड्ड्यात चाक जातं आणि सीट जागेवर राहते. तेल बदलल्यावरचा फरक वळणात ब्रेक सोडताना कळतो, नाक अलगद वर येतं आणि गाडी धरलेली रेघ सोडत नाही.

भाचा 70 किलोचा. तो मागे बसला की माझ्या सैल सेटिंगवर गाडी 82 मिलिमीटर बसते. नाक वर, हेडलाइट झाडांवर, आणि वळताना पुढचं हलकं. त्याच्यासाठी कॉलर आवळून 62 वर आणली. कॉलरवर आता नेलपेंटच्या दोन खुणा आहेत, पांढरी माझी आणि लाल डबलसीटची. दिवाळीनंतर आम्ही भोरवरून वरंधा घाटाने महाडला उतरणार आहोत, दोघं आणि बॅगा. बॅगा भरून झाल्या की आदल्या रात्री पार्किंगमध्ये पुन्हा एकदा मोजायचं ठरलंय. तिसरी खूण लागली तर नेलपेंटचा रंग बाबा निवडणार आहेत.