किद्रोनचा ओहळ

पवित्र गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

प्रभुभोजनाची उपासना आटोपून घरी आले, पण झोप येईलसं वाटत नाही. उद्या बारा ते तीनच्या उपासनेत येशूने क्रुसावरून उच्चारलेल्या सात शब्दांपैकी पहिला शब्द माझ्याकडे आहे: ‘हे बापा, त्यांना क्षमा कर.’ दहा मिनिटं बोलायचंय. दोन दिवसांत कागदावर तीनच ओळी उतरल्यात, कारण रविवारपासून मन दुसरीकडेच अडकलंय.

झावळ्यांच्या रविवारी संडे स्कूलमध्ये जुन्या करारातल्या २ शमुवेलाचा १५वा अध्याय घेतला होता. अबशालोमाने आपल्या बापाविरुद्ध, दावीद राजाविरुद्ध, बंड केलं, आणि दावीद यरुशलेम सोडून निघाला. शहराबाहेरचा किद्रोनचा ओहळ ओलांडला, डोकं झाकून, अनवाणी, रडत रडत जैतुनांचा डोंगर चढला. मी फळ्याच्या दुसऱ्या बाजूला योहान १८:१ लिहिलं. भोजनानंतर येशूही शिष्यांना घेऊन त्याच किद्रोनपलीकडे गेला. दावीदाचा सल्लागार अहिथोफेल फितूर झाला आणि शेवटी त्याने गळफास घेतला, येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यानेही तेच केलं. दावीदासाठी त्याचा सरदार अबीशय एकाचं डोकं उडवायला निघाला, गेथशेमाने बागेत येशूचा शिष्य पेत्र याने तलवार उपसली, आणि दोघांनाही आपापल्या धन्याने आवरलं. दावीदाने कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, शहरात परत पाठवला आणि म्हणाला, परमेश्वराला बरं वाटेल तसं त्याने माझं करावं. त्याच्यासमोर मी येशूची बागेतली प्रार्थना लिहिली: माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. फळा भरून गेला. मला फार आनंद झाला होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “टीचर, मग दावीद खरंच रडला, की पुढे येशू येणार म्हणून देवाने त्याला रडवलं?”

“दोन्ही,” असं काहीतरी बोलून मी पुढे गेले. घरी येईपर्यंत मला ते उत्तर टोचत होतं.

पूर्वछाया, म्हणजे जुन्या करारातल्या माणसांत येशूची आगाऊ पडलेली सावली, शिकवताना हे होतं. आपण इतक्या घाईने येशूकडे पोचतो की वाटेत दावीद नुसता बाण दाखवणारी पाटी होऊन बसतो. त्याचा पोटचा मुलगा त्याच्या जिवावर उठलाय, शहर सुटलंय, पायात काही नाही, आणि आपण त्याच्या अंगावरून चालत पुढचा अध्याय गाठतो.

आज संध्याकाळी ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासाच्या जुन्या वह्या काढल्या. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आदामाला ‘येणाऱ्याचं प्रतिरूप’ म्हणतो. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘तुपॉस’. तो मारण्याच्या, ठोकण्याच्या क्रियापदावरून आलाय: आघाताने उमटलेला ठसा. हाच शब्द योहानाच्या विसाव्या अध्यायात थोमा या शिष्याच्या तोंडी आहे, येशूच्या हातांवरच्या खिळ्यांच्या व्रणांसाठी. वहीत याखाली मी त्या वेळी दोन रेघा मारल्या होत्या. अर्थ मला आज लागला असं वाटतं. ठसा उमटायला कुठेतरी खरा घाव बसावा लागतो. दावीदाचं रडणं खोटं असतं, तर त्याचा कसला ठसा, आणि कसलं प्रतिरूप?

योहानाच्या मनात दावीदाचा हा अध्याय होता, याबद्दल मला शंका नाही. नव्या करारात किद्रोनचं नाव फक्त त्याच एका वचनात आहे. आणि ‘ओहळ’ म्हणून त्याने जो शब्द लिहिला, पावसाळ्यात वाहणाऱ्या ओढ्याचा, तोच शब्द दावीदाच्या गोष्टीत जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही आहे. अहिथोफेल आणि यहूदा यांच्या गळफासाचं क्रियापदसुद्धा ग्रीकमध्ये एकच. ही नाती लिहिणाऱ्यांना दिसत होती. पण ज्याने ती चालत, रडत भोगली त्याला दिसत नव्हती.

लहानपणच्या शेजारच्या आजी आठवल्या. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाच्या, होत्या. घरी मराठीच बोलायच्या, शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. मी एकदा त्यांना ऐटीत सांगितलं होतं की दावीदाच्या स्तोत्रांमध्ये सगळीकडे येशूच आहे. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पोरी, तुमचा येशू यायच्या आधी हजार वर्षं दावीद रडून गेला. त्याचं त्याला राहू दे की.” तेव्हा मला वाटलं, यांना कळलं नाही. आज वाटतं, त्यांनी मला वाचायला शिकवलं.

हा वाद फार जुना आहे. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टिर ट्रायफो नावाच्या यहुद्याशी वाद घालतो, त्यात ११०वं स्तोत्र कोणाबद्दल आहे यावर पानंच्या पानं आहेत. यहुदी शिक्षक म्हणतात दावीदाच्या वंशातल्या हिज्कीया राजाबद्दल, जस्टिन म्हणतो ख्रिस्ताबद्दल. मी अर्थात जस्टिनच्या बाजूची आहे. पण हिज्कीयाबद्दल तालमूदात, यहुदी गुरूंच्या शिकवणीच्या ग्रंथात, एक गोष्ट आहे, ती मला विसरता येत नाही. देवाच्या मनात हिज्कीयाला मशीहा, म्हणजे येणारा अभिषिक्त तारणारा, करायचं होतं. तेव्हा देवाच्याच न्यायाने, जणू माणूस होऊन, हरकत घेतली: इतकी गाणी गाणाऱ्या दावीदाला तू मशीहा केलं नाहीस, आणि ज्याच्यासाठी इतके चमत्कार केलेस आणि ज्याने एक गाणंही म्हटलं नाही, त्याला करणार? म्हणजे प्रत्येक अभिषिक्त राजाकडे ‘हाच का तो?’ म्हणून बघायची सवय त्यांचीही होती. आपण ती त्यांच्याच घरातून आणली.

दावीद तो नव्हता. आणि हे शास्त्र लपवत नाही. डोंगर उतरून तो बहूरीमला आला तेव्हा आधीचा राजा शौल याच्या घराण्यातला शिमी वाटेच्या कडेकडेने चालत त्याला शिव्याशाप देत होता, दगड मारत होता, धूळ उडवत होता. याचंच डोकं उडवू द्या म्हणून अबीशय मागे लागला होता. दावीद म्हणाला, देऊ दे त्याला शाप, परमेश्वराने सांगितलं असेल. हे वाचताना वाटतं, आलाच, हा तोच आहे. पुढे राज्य परत मिळाल्यावर शिमी पाया पडला, तेव्हा ‘तू मरणार नाहीस’ अशी शपथही दावीदाने वाहिली. आणि मग १ राजे, दुसरा अध्याय. म्हातारा दावीद मरणाच्या खाटेवरून शलमोनाला सांगतो, त्या शिमीला सोडू नकोस, त्याचे पिकले केस रक्ताने माखून अधोलोकात पाठव. इतकी वर्षं तो दगड त्याने जपून ठेवला होता. शलमोनाने ते कामही पुरं केलं.

हे वचन आम्ही मंडळीत कधी वाचत नाही. पण मला ते आता गाळायचं नाही. दावीद डोंगर चढला तो स्वतःच्या पापाचं ओझं घेऊन. उरीयाची बायको घेऊन दावीदाने त्याचा खून करवला, त्यानंतर नाथान संदेष्ट्याने सांगितलंच होतं की तुझ्याच घरातून तुझ्यावर अरिष्ट येईल. मुलगा मेल्यावर तो वेशीवरच्या खोलीत ओरडत राहिला, अबशालोमा, माझ्या मुला, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर! त्याला ते मनापासून हवं होतं, आणि ते त्याच्या हातात नव्हतं. माझ्या डोळ्यांना त्याची छाया सगळ्यात स्पष्ट इथे दिसते, जिथे तो कमी पडतो तिथे.

साडेबारा वाजले. आधीच्या तीन ओळी खोडल्या. उद्या शिमीच्या दगडापासून सुरुवात करणार आहे: एक राजा होता, त्याने दगड मारणाऱ्याला वाटेत सोडलं आणि मरताना धरलं. मग त्याच शहराबाहेर दुसऱ्या राजाच्या ओठांवर मरताना काय होतं, ते वाचेन. तो मुलगा आईबरोबर पुढच्याच बाकावर बसतो. उपासनेनंतर त्याला थांबवून सांगेन, दावीद खरंच रडला होता रे.