फळीवर वंदना

भाद्रपदातली दुपार. गणपतीचं सामान खाली काढताना डब्याच्या तळाशी आरतीसंग्रह सापडतो. खिशात मावेल एवढा, पानांवर तेलाचे डाग, कापराचा वास, आणि मध्येच वाळून कागदाला चिकटलेली गेल्या कुठल्यातरी वर्षीची दूर्वा. आरत्या पाठ असलेल्या माणसानं हे पुस्तक उघडू नये. उघडलं की कळतं, जन्मभर जे म्हणत आलो ते इथं छापलेलंच नाही.

माणूस विनोदाला हसतो, असं आपण उगाच धरून चालतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं रस्त्यावर, बाजारात उभं राहून, लोक नेमकं कशानंतर हसतात याच्या 1200 नोंदी केल्या. विनोद म्हणावा असं काही त्यातल्या 20 टक्क्यांच्या आधीही नव्हतं. बाकी सगळं ‘बरं, निघतो’, ‘अरे, हा बघ आला’ असल्या वाक्यांवरचं हसू. एकटा माणूस हसतो त्याच्या तीसपट तो चारचौघांत हसतो, हेही त्यांचंच. मराठी घरात हे पटायला वहीपेन्सिल लागत नाही. आरतीला उभं राहिलं की पुरे. तिथं विनोद अजिबात नसतो, चारचौघं भरपूर असतात आणि वर हसायला बंदी असते.

ही बंदी महत्त्वाची. हसणं म्हणजे उच्छ्वासाचे तुकडे. एक ‘हा’ आणि पुढचा ‘हा’ यांत साधारण 210 मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे सेकंदाला जवळपास पाच. गाण्यालाही तोच उच्छ्वास लागतो, फक्त अखंड. एका श्वासावर दोन्ही कामं होत नाहीत. त्यामुळे आरतीत हसू आलं की पहिल्यांदा आवाज जातो, मग खांदे हलायला लागतात. ओठ घट्ट मिटले तर हवा नाकातून सुटते, आणि तो आवाज हसण्यापेक्षा वाईट. अनुभवी मंडळी गालाचा आतला भाग दातांत धरतात, टाळ्या जोरात वाजवतात, नजर निरांजनावर रोखतात. शेजारच्याकडे बघायचं नाही, हा मुख्य नियम. झांज हातात असेल तर फारच उत्तम, तिच्या आवाजात पुष्कळ खपतं. पण घरातली झांज नेहमी सहा वर्षांच्या मुलाकडे असते आणि तो ती आरती संपल्यावरही सोडत नाही.

आता फळी. गणपतीच्या आरतीत शब्द आहे ‘फणिवरबंधना’. फणिवर म्हणजे मोठा नाग, आणि तो कमरपट्ट्यासारखा पोटाला बांधलेला म्हणून फणिवरबंधन. अर्ध्या महाराष्ट्रात याचं ‘फळीवर वंदना’ होतं. चूक म्हणून हिचं काम अगदी पक्कं आहे. ‘ण’ आणि ‘ळ’ दोन्ही म्हणताना जीभ मागे वळून टाळूलाच लागते. फरक मुख्यतः नाकाचा, आणि घंटा-टाळांत तो सहज निसटतो. राहिला ‘ळ’. पुढे ‘बंधना’चं ‘वंदना’ का, तर याच कडव्याच्या शेवटी ‘सुरवरवंदना’ आहे. जीभ पुढचं यमक आधीच उचलते. बऱ्याच पुस्तिकांत ‘फणिवर बंधना’ असं तोडून छापलेलं असतं, म्हणजे ‘वर’ हा शब्दयोगी अव्ययासारखाच दिसतो. आणि देव बसलेला असतो कुठं? फळीवर. मग चुकलं कुणाचं?

हसू येतं ते यामुळेच. निव्वळ बरळण्याला कुणी फार हसत नाही. चुकीचा शब्द अर्थासकट जागेवर बसला की मजा येते. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ होतं, तेव्हा देवाला तिथीही कळवून टाकलेली असते, चतुर्थीला मोकळा असशील तेव्हा पाव. ‘उटी शेंदुराची’ची ‘ओटी’ झाली की गणपती एकदम माहेरवाशीण होतो. ‘वाट पाहे सदना’चं ‘सजणा’ झालं की समर्थांचा दास थेट लावणीत. शंकराच्या आरतीतलं ‘लवथवती’ मात्र बिचारं वेगळ्या कारणानं जातं. लवथवणं म्हणजे डळमळणं, थरथरणं, पण हे क्रियापद आता कुणाच्या घरात राहत नाही, म्हणून तोंडाला सवयीचं ‘लवलवती’ येतं. ‘दीपक जोशी नमोस्तुते’ मी यात धरत नाही. ती चूक ऐकलेली नाही, बसून रचलेली वाटते. खरी चूक करणाऱ्याला आपण चुकतोय हे ठाऊक नसतं, म्हणून तर तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो.

परदेशातल्या गणपतींत नवी पैदास आहे. तिथली पोरं मोबाईलवर रोमन लिपीतली आरती वाचतात. त्या लिपीत ट आणि त एकच, ण आणि न एकच. ‘वाट पाहे’ची ‘वात पाहे’ होते. समोर निरांजन असतंच. ‘फणिवर’चं ‘फनीवर’ होतं, आणि त्यावर वेगळं काही बोलायला नको.

‘येई हो विठ्ठले’ला गोष्ट शब्दांची उरत नाही, दमाची होते. इथं सगळं पहिला सूर कोण लावतो त्यावर. पुरुषाच्या सोयीच्या पट्टीत उचललं तर बायका तळाशी घरघरतात. बाईनं उचललं तर काकांचा आवाज वर जाताना फाटतो. बहुधा दोन्हीच्या मधलं काहीतरी लागतं, जे कुणाच्याच गळ्याचं नसतं. मग ‘माऊली येऽऽऽ’ ताणायचं. आठ-दहा सेकंदांनी एकेक गडी बाद होतो आणि शेवटी एकच आवाज उरतो. तो संपला असं वाटून सगळे पुढची ओळ घेतात, तर तो अजून चालूच. या ठिकाणी भलेभले फुटतात. कोकणात आणि गोव्यात आरत्या तास तास चालतात, घुमट, शामेळ, कासाळं या वाद्यांच्या साथीनं, म्हणून तिकडच्या माणसांना दम असतो. शहरी फ्लॅटमध्ये पाच आरत्यांत लोक धापा टाकतात.

‘घालीन लोटांगण’ला स्वतःभोवती फिरायचं असतं. दहा बाय बाराच्या खोलीत वीस माणसं. सगळे उजवीकडून वळले तर कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही, व्यवस्था अशी निर्धोक आहे. पण एखादा डावीकडून वळतोच. मग तो आणि शेजारचा वळतावळता बरोबर समोरासमोर येतात, नाकाला नाक. इतका वेळ पाळलेला नजरेचा नियम तिथं मोडतो.

मंत्रपुष्पांजलीत हसण्याची सोय वेगळी. पहिलं ‘ॐ यज्ञेन’ वीस आवाजांत, ‘ते ह नाकं’ला सात, पुढे एक गुरुजी आणि बाकी गुणगुण. ‘ॐ स्वस्ति, साम्राज्यं भौज्यं’ आलं की बुडालेले पुन्हा वर येतात, ‘एकराळिति’ला तर लढाई जिंकल्यासारखे. आणि अखेरच्या ‘सभासद इति’ला शंभर टक्के हजेरी. सोसायटीच्या गणपतीत हा शब्द चेअरमन विशेष ठासून म्हणतात. वार्षिक सभेलाही एवढे सभासद कधी जमलेले नसतात.

चुका दुरुस्त कराव्यात का, हा दर गणपतीतला वाद. करू पाहणारा एक मेहुणा प्रत्येक घरात असतो. तो आरती थांबवून अर्थ सांगतो, कापूर विझतो.

पण पुस्तक उघडलंच आहे म्हणून पहिलीच ओळ. ‘सुखकर्ता दुखहर्ता वार्ता विघ्नाची’, इथं सगळे थांबतात, झांज पडते, श्वास घेतात. म्हणजे दुःख हरणाऱ्या देवापुढं आपण खड्या आवाजात विघ्नाची बातमी देऊन मोकळे होतो. क्रियापद पुढच्या ओळीत आहे, ‘नुरवी’, न उरवी. विघ्नाची वार्तासुद्धा उरू देत नाही, आणि ज्याची कृपा प्रेम पुरवते. वाक्य ओळ ओलांडून जातं, चाल मात्र ओळीपाशीच तुटते. ‘नुरवी पुरवी’ हे हळद-कुंकवासारखं जोडनाव असावं असं समजून पिढ्या गेल्या.

हे आता कळलंय. संध्याकाळी सातला आरती आहे. श्वास ‘विघ्नाची’पाशीच घेतला जाणार, चालच तशी आहे.