आई-बाबा बीजिंगला येताना: पोलीस नोंदणी, राळ्याची पेज आणि भिंतीच्या पायऱ्या

बीजिंगमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत गावाकडून कोणी यायचे ठरले की पहिला प्रश्न पडतो तो कधी बोलवायचे हा. माझे उत्तर पक्के आहे: राष्ट्रीय दिनाची सुट्टी संपल्यावर, म्हणजे साधारण ८-९ ऑक्टोबरनंतर, आणि महिना संपायच्या आत. १ ऑक्टोबरपासूनच्या आठवड्यात अख्खा चीन प्रवासाला निघालेला असतो. मे महिन्याचे पहिले पाच दिवसही तसेच. एप्रिलमध्ये पॉप्लर आणि विलो या झाडांचा कापूस शहरभर उडतो, दम्याच्या माणसाला तो सोसत नाही. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा फसवा असतो. शहराचे सामायिक हीटिंग १५ नोव्हेंबरला सुरू होते आणि १५ मार्चला बंद होते. त्याआधी गारठा पडला तर बाहेरच्यापेक्षा घरातच जास्त हुडहुडी भरते.

आपण नोकरीच्या परवान्यावर असलो तर आई-बाबांसाठी एस-२ व्हिसा. तो १८० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी मिळतो. आपले निमंत्रणपत्र, आपल्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत आणि नात्याचा पुरावा एवढे त्याला लागते. अडते ते नात्याच्या पुराव्यावर. जुन्या जन्मदाखल्यावर आईचे नाव एक आणि तिच्या पासपोर्टवर दुसरे, हे आपल्याकडे नेहमीचे. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे असतील तर त्या पानाची प्रतही जोडून द्यावी. मध्ये हाँगकाँगला जाऊन यायचा विचार असेल तर दोन प्रवेशांचा व्हिसा मागावा. हाँगकाँगला जाणे म्हणजे मुख्य भूमीतून बाहेर पडणे, आणि एका प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे काम. पाहुणे हॉटेलात उतरले तर पोलीस नोंदणी हॉटेल करते. आपल्या घरी उतरले तर ती २४ तासांच्या आत आपण करायची. त्यासाठी वस्तीतल्या पोलीस ठाण्यात, म्हणजे पायछूस्वोमध्ये, जावे लागते. सोबत पाहुण्यांचे पासपोर्ट, त्यातल्या फोटोच्या, व्हिसाच्या आणि प्रवेशाच्या शिक्क्याच्या पानांच्या प्रती, आपला पासपोर्ट आणि घराचा भाडेकरार. काही ठाणी घरमालकाच्या ओळखपत्राची प्रतही मागतात. ती ऐनवेळी मिळत नाही, घरमालक फोन उचलत नाही आणि घड्याळ चालूच असते. म्हणून आई-बाबा यायच्या आधीच्या आठवड्यात ठाण्यात जाऊन तीन गोष्टी विचारून याव्यात: कोणते कागद लागतील, पाहुण्यांनी स्वतः यायलाच हवे का, आणि दुपारी खिडकी किती वेळ बंद असते. रात्री उशिराचे विमान असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी हेच पहिले काम, झोप नंतर. उशीर झाला तर ताकीद मिळू शकते, कायद्याने २,००० युआनपर्यंत दंडही होऊ शकतो. नोंदणीची चिठ्ठी पासपोर्टमध्येच ठेवावी. देशाबाहेर जाऊन परत आले की ती पुन्हा करावी लागते.

फोनची तयारी भारतातच उरकावी. चीनच्या नेटवर्कवर व्हॉट्सॲप, गुगल, यूट्यूब चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र चालतात, कारण तो डेटा भारतातल्या कंपनीमार्फत जातो. यातून एक घोळ होतो. घरी आल्यावर फोन आपोआप वायफायला जोडला जातो, व्हॉट्सॲप बंद पडते आणि आईला वाटते फोन बिघडला. तिच्या फोनचे वायफाय सरळ बंद करून ठेवावे. अलीपे हे पैसे भरायचे ॲप निघण्याआधीच उतरवून घ्यावे, त्यात पासपोर्टची माहिती भरावी आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचे बँक कार्ड जोडावे. कार्डावर परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. ते राहून गेले की इथे कोड स्कॅन होतो, पण पैसे जात नाहीत. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर परदेशी कार्डाला शुल्क नाही, त्याच्या वर ३ टक्के लागतात. तेव्हा फळे, भाजी, चहा त्यांनी घ्यावा आणि मोठी बिले आपण भरावीत. शिवाय दोघांच्या खिशात १०, २० आणि ५० च्या मिळून तीनशे-चारशे युआन रोख असावेत. आपला पत्ता चिनी अक्षरांत आणि आपला फोन नंबर लिहिलेला कागदही जवळ हवा. टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरांतला पत्ता दाखवून उपयोग होत नाही.

स्वयंपाकघराचा जम पहिल्या दोन दिवसांत बसला की आई निम्मी स्थिरावते. इथले साधे पीठ मैद्यासारखे पांढरे असते, पोळ्यांसाठी ‘छ्वान माय’ लिहिलेले गव्हाचे पीठ घ्यावे. ईशान्य चीनचा तांदूळ चिकट होतो. खिचडीला तो छान, मसालेभाताला नाही. कोथिंबीर, आले, लसूण, कारले, भेंडी, मूग, शेंगदाणे, जिरे सगळे मिळते. तूरडाळ, हिंग आणि गोडा मसाला तेवढे घरून आणावे. आणि राळे! आपल्याकडे कमी दिसणारे हे धान्य उत्तर चीनच्या प्रत्येक घरात आहे. त्याला श्याओमी म्हणतात. एक वाटी राळे, दहा वाट्या पाणी, मंद आचेवर अर्धा तास, अधूनमधून ढवळत राहायचे, की पिवळीधमक पेज तयार होते. रात्री उशिरा उतरलेल्या, विमानातले काही न खाल्लेल्या माणसासाठी यापेक्षा चांगले जेवण मला माहीत नाही. वर मेतकूट घातले तर प्रश्नच मिटला.

शाकाहारी मंडळींना बाहेर खाताना पदार्थाच्या नावावर जाऊन चालत नाही. मापो तोफूमध्ये खिमा असतो. परतलेल्या घेवड्याच्या शेंगांतही बहुधा असतो. पालेभाजीवर कालवांचा सॉस पडतो. लसणाच्या पातीसारखी दिसणारी हिरवी पात आणि अंडे भरलेल्या वाफाळत्या पावांत सुकी बारीक कोळंबी निघते. त्यातल्या त्यात भरवशाचे पदार्थ दोन: बटाट्याच्या बारीक किसाची आंबट-तिखट भाजी, स्वान ला थूतोऊ स, आणि बटाटा, वांगे, ढोबळी मिरचीची दी सान श्येन. मागवतानाही ‘मांस नको, कालवांचा सॉस नको, डुकराची चरबी नको’ असे चिनीत लिहिलेले फोनवर दाखवावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हटले तर स्वयंपाकी मांसाचे तुकडे वगळतो, रस्सा तोच राहतो.

सकाळी सहा-सातला आई-बाबांना जवळच्या बागेत नक्की न्यावे. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत ही बाग नसते, पण माझ्या मते पहिली सकाळ तिचीच. हातभर लांब दांड्याला स्पंजचे टोक लावून आजोबा फरशीवर पाण्याने अक्षरे लिहितात. ओळ पूर्ण होईतो पहिले अक्षर वाळून गेलेले असते. कोणी पायाने पिसांचे फूल उडवत असते, कोणी स्पीकर लावून नाचत असते. बाबा तिथे थांबले की पाच मिनिटांत कोणीतरी त्यांच्या हातात तो कुंचला देते.

स्थळे दिवसाला एकच, तीही जेवणाआधी. निषिद्ध नगरीची, म्हणजे गूकोंग या सम्राटांच्या जुन्या राजवाड्याची, तिकिटे भेटीच्या सात दिवस आधी रात्री ८ वाजता खुली होतात आणि गर्दीच्या दिवसांत काही मिनिटांत संपतात. आपला ठरलेला दिवस सोमवार तर नाही ना, ते आधी पाहावे. सुट्टीचे सोमवार वगळता ती तेव्हा बंद असते. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, थंडीत ४०. तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघते. एक आकडा चुकला तर दारावर उपयोग नाही, आणि पासपोर्ट घरी राहिला तरी नाही. थ्येनआनमन चौकासाठी वेगळी आगाऊ नोंदणी लागते. प्रवेश दक्षिणेच्या वूमन दरवाजातून, बाहेर पडणे उत्तरेच्या दारातून. मधले अंतर जवळजवळ एक किलोमीटर, सगळी दगडी फरसबंदी आणि मधल्या अंगणांत सावली नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी प्रत्येक सभामंडपाच्या पायऱ्या चढायचा आग्रह सोडावा. मंडपांच्या बाजूने सपाट वाट आहे. उत्तरेला बाहेर पडल्यावर टॅक्सी मिळणे कठीण, त्यामुळे आधी समोरच्या जिंगशान बागेत बसावे. तिकीट २ युआन. टेकडी लहान आहे, चढवली तर मागे वळून पिवळ्या छपरांचा सगळा विस्तार एका नजरेत येतो.

चीनच्या प्रसिद्ध भिंतीसाठी मी बादालिंगच्या भागापेक्षा मुथ्यान्यूचाच भाग सुचवते. बादालिंगला वेगवान रेल्वे जाते हे खरे, पण तिथली गर्दी वयस्कांना दमवते. मुथ्यान्यू शहरापासून सुमारे ७० किलोमीटर आहे, दिवसभराची गाडी ठरवणे सोपे पडते. तिथे दोन वेगवेगळ्या सोयी आहेत आणि तिकिटांत लोक हमखास गोंधळतात. बंद डब्यांची केबल कार १४ नंबरच्या बुरुजापाशी सोडते. उघड्या खुर्च्यांची लिफ्ट ६ नंबरच्या बुरुजाशी सोडते, आणि खाली येणारी घसरगाडीही तिथूनच सुटते. दोन्हींचे चालक वेगळे, म्हणून एकाचे परतीचे तिकीट दुसऱ्यावर चालत नाही. आई-बाबांसाठी केबल कारचे दोन्ही बाजूंचे तिकीट घ्यावे. चालती खुर्ची पकडून बसण्याची कसरत टळते, आणि १४ नंबरपासून थोडे चालले तरी दोन्हीकडे डोंगरावर चढत गेलेली भिंत दिसते. वरच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी. चढताना नाही, उतरताना पाय चुकतो. काठी हवी, बूट रबरी तळव्याचे हवेत, आणि पाण्याची बाटली हातात न धरता पाठीवरच्या पिशवीत असावी.

योंगहगोंग या लामा मंदिरात एका चंदनाच्या खोडातून कोरलेली, जमिनीवर १८ मीटर उंच मैत्रेय बुद्धाची मूर्ती आहे. चुकवू नये. उन्हाळी राजवाड्यात ७२८ मीटरच्या लांब ओसरीतून चालावे आणि परत नावेने यावे.

एक दिवस मात्र राखून ठेवावा तो बीजिंगबाहेरच्या शिज्याज्वांग शहरासाठी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला आले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस इथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, गेले. शिज्याज्वांगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आणि पुतळा आहे. आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाने तिथे जावे असे मला मनापासून वाटते. गाडी बीजिंग पश्चिम स्थानकावरून धरावी, दक्षिण स्थानकाशी घोळ करू नये. वेगवान गाडीला साधारण सव्वा तास लागतो. तिकिटे १५ दिवस आधी खुली होतात आणि कागदी तिकीट नसते, पासपोर्ट हेच तिकीट. आपोआप उघडणारी बरीच दारे चिनी ओळखपत्रच वाचतात, तेव्हा कर्मचारी उभा असतो त्या रांगेत जावे. गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी फाटक बंद होते आणि मग कोणी ऐकत नाही. सामानाची तपासणी धरून पाऊण तास हाताशी ठेवावा. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, थर्मास आणि चहाची पुडी सोबत घ्यावी. फुले घ्यायची तर ती शिज्याज्वांगला उतरल्यावर घ्यावीत.