चिडाची भट्टी

आज परतवाड्याकडच्या एका आरामशीनवर चिडाच्या (पाइनच्या) फळ्या वाळवायची भट्टी पाहिली. नाव भट्टी, पण आत जाळ नाही. बंद खोली, गरम हवा, मोठे पंखे, हवा खेळावी म्हणून थरांमध्ये पट्ट्या. आणि वर मधूनमधून मुद्दाम वाफ सोडतात! फळीचा वरचा भाग आधी सुकून आवळला तर ती तडकते, म्हणून. ओलावा साधारण 30 टक्क्यांखाली उतरला की लाकूड आकसू लागतं. फर्निचरसाठी तो 8 ते 12 टक्क्यांवर आणतात. लाकडातली चिकट राळही तापून घट्ट होते, पुढे रंगातून पाझरत नाही.

मी म्हटलं, आपलं मे महिन्याचं ऊन काय कमी आहे? मिस्त्री हसले, "ऊन लय हाये भाऊ, पण ते फळीले इचारून तापत नाही नं!"

कपाटाला हीच फळी घेणार. सागवान सध्या झेपत नाही.